एक आज्ञा आणि भांड्यांचे दोन संच

धर्मनियम कसोशीने पाळणाऱ्या ज्यू घरांत मांसाची आणि दुधाची भांडी वेगवेगळी असतात. मात्र तोरा या मूळ ग्रंथात अशा दोन संचांबद्दल एक शब्दही नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, एवढीच आज्ञा तिथे तीनदा येते. मग नियम वाढला कसा?

इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’त दुधात कोणतेही मांस शिजवण्यास मनाई आहे, मासे आणि टोळ तेवढे वगळले आहेत. कोंबडीचे काय? तिच्या आईला दूध नसते, म्हणून पक्ष्यांना सूट हवी, असे गॅलिलीचे रब्बी योसे म्हणत. त्यांचे मत मागे पडले. अनवधानानेही आज्ञा मोडू नये म्हणून तिच्याभोवती कुंपण घातले गेले. बाराव्या शतकात मायमोनिडीस यांनी मांसानंतर दूध घेण्याआधी सुमारे सहा तासांचे अंतर सांगितले. हॉलंडच्या ज्यूंमध्ये एक तास पुरेसा मानतात.

कुंपणाच्या आतही स्वयंपाकाला वाट सापडते. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालतात; ते प्राण्याचे नसल्याने नियम मोडत नाही.

एखादी रूढी ‘पूर्वापार’ आहे असे वर्गात कोणी म्हटले, तर जरूर विचारावे: नेमकी कधीपासून? आणि तेव्हा वेगळे मत कोणाचे होते?