प्रोजेक्टरच्या पोटातली तलवार

आजचा भाग मी गावाहून, वडखळच्या घरातून रेकॉर्ड केलाय. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, मुंबई-गोवा हायवे अगदी जवळ आहे. आणि हे वाचत असाल तर हॉर्न नाहीत, तुमची चंगळ आहे.

गेल्या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होम होतं आणि मी लहानपणापासून डोक्यात असलेली एक गोष्ट करायला घेतली. स्टार वॉर्समधली लाइटसेबर. पेटणारी, गुणगुणणारी, फिरवली की आवाज बदलणारी. इंजिनिअर असूनही मी तोपर्यंत सोल्डरिंग फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, तेही मार्कांपुरतं केलं होतं. बनवता बनवता तिचा इतिहास शोधत गेलो आणि तो थेट आमच्या घरात येऊन थांबला. कसा, ते ऐका.

पहिला स्टार वॉर्स आला 25 मे 1977 ला. बरंचसं शूटिंग इंग्लंडमध्ये झालं, पैसे बेताचे होते. सेट सजवायचं काम रॉजर ख्रिश्चनकडे होतं. त्याला लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात धूळ खात पडलेली ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशगनची हँडल्स सापडली. आत तीन सेल बसणारी धातूची नळी. त्यानं तिच्यावर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची भिंगाची पट्टी लावली आणि झाली ल्यूकची तलवार तयार! ओबी-वानच्या तलवारीची तर आणखी गंमत. तिच्यात जेट इंजिनाचा एक भाग होता, पहिल्या महायुद्धातल्या ग्रेनेडचा तुकडा होता आणि चक्क नळाची चावी होती. म्हणजे भविष्यातलं शस्त्र बनलं ते भंगारातून. याच सिनेमाच्या सेट सजावटीसाठी ख्रिश्चनला ऑस्करही मिळालं.

आता पातं. एका काठीला स्कॉचलाइट नावाचं मटेरियल गुंडाळलं आणि मोटरनं ती काठी गोल फिरवली. स्कॉचलाइटचं काम तुम्ही रोज बघता. रात्री गाडीचा हेडलाइट पडला की हायवेवरचे डायव्हर्जनचे बोर्ड एकदम पेटल्यासारखे दिसतात ना? तेच. बारीक काचेच्या मण्यांमुळे प्रकाश जिथून आला तिकडेच परत जातो. त्यामुळे दिवा कॅमेऱ्याच्या रेषेत ठेवला की काठी कॅमेऱ्याला चमकताना दिसते. ते पुरेना, म्हणून नंतर एकेका फ्रेमवर हातानं चमक चढवली. आमच्या वडखळकरांनी असे बोर्ड इतकी वर्षं आणि इतके पाहिलेत, की त्यातून लाइटसेबर निघते हे कळल्यावर मला हायवेचा राग थोडा कमी आला. थोडाच हं.

आणि आवाज. साउंड डिझायनर बेन बर्ट विद्यार्थी असताना प्रोजेक्टर चालवायचा. रीळ सुरू नसताना, नुसत्या उभ्या मशीनच्या मोटरची जी घुंऽऽ असते, ती त्यानं घेतली. पण नुसत्या घुंला धार नव्हती. एकदा तुटक्या वायरचा माइक घेऊन तो टीव्हीजवळून गेला आणि पिक्चर ट्यूबची गुणगुण माइकमध्ये शिरली. दुसऱ्या कुणी ते रेकॉर्डिंग फेकून दिलं असतं. यानं दोन्ही आवाज एकत्र केले. मग तो आवाज स्पीकरवर लावला आणि समोर माइक हलवला. माइक जवळ-लांब जाताना आवाज चढतो-उतरतो, अगदी आपल्या शेजारून ॲम्ब्युलन्स जाताना होतो तसा. हाच तो तलवार फिरवल्याचा आवाज.

प्रोजेक्टर हा शब्द आला आणि मला कोल्हापूर आठवलं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, नात्यानं भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपणही सिनेमा काढायचा, हे वेड त्यांना लागलं. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. मग एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याची यंत्रणा समजून घेऊन स्वतः कॅमेरा बनवायला लागले. 1916 मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन 1918 मध्ये तो कॅमेरा पूर्ण केला. 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला आणि टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये, म्हणजे तानाजीच्या गोष्टीत, त्यांनी दिव्यांच्या उजेडात रात्रीची दृश्यं घेतली. त्यात शेलारमामा कोण होते माहितीये? व्ही. शांताराम!

म्हणजे बघा, कोल्हापुरात प्रोजेक्टर उलगडून कॅमेरा झाला आणि कॅलिफोर्नियात प्रोजेक्टर ऐकून तलवार झाली. दोन्हीकडे पद्धत एकच. जे हाताशी आहे ते उघडा, आत बघा.

मीही तेच केलं. पात्याला लागते ती पॉलीकार्बोनेटची नळी इथे मिळेना, म्हणून पूर्ण प्लॅस्टिकची एलईडी ट्यूब आणली आणि आतलं सगळं काढून टाकलं. मूठ म्हणून वॉश बेसिनखाली असतो तो स्टीलचा पाइप. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं, “बेसिन कुठल्या साइजचं?” मी म्हटलं, “बेसिन नाहीये, तलवार आहे.” त्यानं काही न बोलता बिल केलं.

आत एलईडीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून, मिळून 230 दिवे. डोकं म्हणून ईएसपी 32, हालचाल ओळखायला एमपीयू 6050 सेन्सर, छोटा ॲम्प, स्पीकर आणि 18650 सेल. पहिल्यांदा पेटली तेव्हा मी एकटाच घरात नाचलो. मग भिंतीवर हलका वार केला आणि तलवार बंद. परत चालू, परत वार, परत बंद. वार झाला की बंद पडणारी तलवार! तानाजीचं काय झालं असतं?

दोन रात्री कोडमध्ये बग शोधला. बग कोडमध्ये नव्हताच, हिशेबात होता. असा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण 60 मिलिअँपिअर खातो. 230 दिवे म्हणजे जवळजवळ 14 अँपिअर! निळा रंग असताना तिसराच हिस्सा लागतो, म्हणून एरवी चालायचं. वाराला मी पांढरा झगमगाट ठेवला होता. तो झाला की सेलचा व्होल्टेज कोसळायचा आणि कंट्रोलर रीसेट व्हायचा. वायरी बारीक होत्या, त्या गरम झाल्या ते वेगळंच. लिथियम सेलशी असा खेळ करू नका मंडळी, आग लागू शकते. शेवटी जाड वायर लावली, फ्यूज टाकला, मोठा कपॅसिटर बसवला आणि कोडमध्ये करंटला मर्यादा घातली.

राहिला आवाज. तयार फाइल नेटवर मिळतात, पण मला स्वतःचा हवा होता. माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढला, टेबल फॅनची पाती काढून नुसती मोटर चालवली, दोन्हींची गुणगुण रेकॉर्ड करून मिसळली. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून मोटरची घुं साधारण 100 हर्ट्‌झवर बसते. अमेरिकेत वीज 60 ची, तिथे तीच 120 वर. माझी तलवार जरा खर्जात गाते.

आता घरातली गोष्ट. माझे मोठे काका तरुणपणी टूरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रेत तंबू, कापडी पडदा आणि मागे मशीन. गेली तीन-चार वर्षं त्यांना ऐकू येणं कमी झालंय. मशीन लावलं कानाला, पण कटकट होते म्हणून काढून ठेवतात. आम्ही बोलतो, ते हसून मान हलवतात. हळूहळू आम्हीही बोलणं कमी केलं. हे कबूल करताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

त्या संध्याकाळी मी ओटीवर तलवार पेटवली. काका आरामखुर्चीत होते, पाठ माझ्याकडे. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, “मशीन चालू ठेवलीस, रीळ कुठाय?”

मी थिजलो. कारण साधं आहे, वयानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, चढे आवाज जातात. खर्ज बराच काळ टिकतो. त्यांना आमचे शब्द पोहोचत नव्हते, घुं पोहोचली.

मी तलवार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बंद केली, चालू केली. मग सांगायला लागले. मशीनमध्ये दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर असायच्या, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत पेटायचा, त्यातून पडद्यावर उजेड. कांड्या जळून आखूड व्हायच्या, मधलं अंतर हातानं राखावं लागायचं. जरा डुलकी लागली की पडदा काळा आणि पब्लिकच्या शिट्ट्या. “आमची तलवार खरी पेटायची,” म्हणाले, “नुसत्या डोळ्यांनी बघायची सोय नव्हती.”

तासभर बोलले. आता मी त्यांच्याशी बोलताना समोर बसतो, आवाज खाली आणि हळू ठेवतो. कानातलं मशीनही परत जाऊन त्यांच्या कानाप्रमाणे सेट करून आणलंय. अधूनमधून लावतात.

तर मंडळी, तुमच्या घरात टूरिंग टॉकीजवर, छापखान्यात, रेडिओ दुरुस्तीत काम केलेलं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, मशीनचा आवाज कसा होता? फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत वायर जाड वापरा!