अनवाणी पायाची किक

आम्ही शिवाजी पेठेतली माणसे. आमच्या गावात फुटबॉल वाढला तो तालमींच्या अंगणात. शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियमवर सारी पेठ लोटते. या खेळाच्या इतिहासात आश्रयदात्यांची नावे सापडतात. पायांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून तोच थोडा सांगतो.

पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचते. त्या चिखलात आम्ही अनवाणी खेळलो, कारण बुटाला पैसे नव्हते. अनवाणी पोराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: बोटांच्या टोकाने चेंडू मारायचा नाही. नख उखडते, अंगठा सुजतो. मग ते आपोआप तिरके धावत येते, दुसरे पाऊल चेंडूशेजारी रोवते आणि बुटाची नाडी जिथे बांधतात त्या भागावर चेंडू घेते. तिथे चेंडूला टेकायला जागा अधिक, शिवाय कमरेचा झोकाही मिळतो.

आता गंमत पाहा. अमेरिकेत त्यांचा म्हणून एक निराळाच फुटबॉल आहे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे. पण खेळाची सुरुवात किकनेच. तिथले खेळाडू वर्षानुवर्षे सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने ती मारीत. 1956 च्या उठावानंतर हंगेरी सोडून गेलेल्या कुटुंबातला पीट गोगोलाक 1964 साली बफेलोच्या संघात आला आणि तिरका धावून मारू लागला. पुढे सगळेच तसे मारू लागले. सरळ मारणारा शेवटचा नियमित खेळाडू मार्क मोझली 1986 साली थांबला. टोनी फ्रँकलिन तर 1979 ते 1988 या काळात उघड्या पायानेच मारी. बूट घेण्याची त्याची ऐपत होती, एवढाच काय तो आमच्यात आणि त्याच्यात फरक!

त्या किकमध्ये चेंडू नुसता लांब जाऊन भागत नसे, तो उंचही जावा लागे. तो हवेत असेतोवर मारणाऱ्याचे दहा सोबती समोर धावून पोहोचत. टाळ्या मारणाऱ्याला, टकरी या दहांना. माणसे फार जायबंदी होऊ लागली, तेव्हा 2024 साली तिथल्या व्यावसायिक संघांनी नियम बदलला: चेंडू खाली पडेपर्यंत किंवा समोरच्याने तो झेलेपर्यंत त्या दहांनी जागचे हलायचे नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हाला यात ओळखीचे पुष्कळ दिसते.

आपल्याकडे मात्र अनवाणीपणाचे कौतुक फार. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सकडून 2-1 असे हरले. दोन पेनल्टी वाया गेल्या. 1950 च्या विश्वचषकाला आपण गेलो नाही ते बूट नव्हते म्हणून, ही दंतकथा अजून सांगतात. खरे म्हणजे आपल्याच महासंघाने जायचे टाळले. पण दंतकथेत पाय शूर ठरतात, म्हणून ती टिकते. आमच्या त्या वेळच्या संघातल्या दोघांचे अंगठे आजही वाकडे आहेत. थंडीत चप्पल घालताना ते अजून कळवळतात.