कोळी, गोचीड आणि बंदरावरची तपासणी

आयात मालातून येणारे परदेशी कोळी आणि गोचीड ओळखण्याच्या शास्त्राकडे वळणारा वाचक कृषी पदवीधर असो, पशुवैद्य असो की न्हावाशेव्याला कंटेनर उघडणारा निरीक्षक, त्याने एवढे आधीच जाणून घ्यावे की जीव सापडला म्हणजे काम निम्मे झाले. तो नेमका कोण, हे ठरवण्यात खरा कस लागतो.

कोकणातल्या बागायतदाराला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नारळावरच्या इरिओफाईड कोळ्याचे पहिले वर्णन १९६५ मध्ये झाले, मेक्सिकोतल्या गेरेरो राज्यातल्या नमुन्यांवरून. भारतात तो १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात नोंदला गेला आणि पुढे कोकणातल्या वाड्यांतही शिरला. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, पाय चारच, आणि वस्ती कोवळ्या फळाच्या देठाशी घट्ट बसलेल्या पाकळ्यांखाली. फळावर तपकिरी चट्टे उमटून साल तडकलेली दिसते, तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

असा जीव बंदरावर गाठायचा तर आधी हिशेब हवा. शंभरात एक फळ बाधित असेल आणि त्यातले निदान एक ९५ टक्के खात्रीने हाती लागायला हवे असेल, तर मोठ्या मालातून कुठूनही उचललेली साधारण ३०० फळे तपासावी लागतात. बाधा हजारात एक असेल तर सुमारे ३०००. त्यातही बाधित फळ हाती आल्यावर कोळी दिसणारच, हे गृहीत धरलेले असते. पाकळ्या न उचकटता वरवर पाहिले, तर हा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून ‘काही आढळले नाही’ या शेऱ्यापुढे किती आणि कसे पाहिले हे लिहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नाव ठरवणे आणखी चिवट काम. टेट्रानिकस गटातल्या लाल कोळ्यांच्या जवळच्या जाती वेगळ्या काढायला नराच्या जननेंद्रियाचा आकार पाहावा लागतो, आणि पानावर पुष्कळदा माद्या आणि अंडीच मिळतात. डीएनए तपासणीचा आता मोठा आधार आहे. पण ताडून पाहायला खात्रीने ओळखलेला नमुना कुणीतरी आधी जपलेला असावा लागतो.

अशा जपलेल्या नमुन्यांचे महत्त्व अमेरिकेत दिसून आले. २०१७ मध्ये न्यू जर्सीत, कधीही परदेशी न गेलेल्या एका मेंढीवर पूर्व आशियातला लांबशिंगी गोचीड सापडला. मग जुने नमुने पुन्हा तपासले, तर २०१० साली वेस्ट व्हर्जिनियातल्या हरणावरून काढलेला गोचीडही त्याच जातीचा निघाला. तिथे पसरलेल्या या जातीची मादी नराविना अंडी घालते. एकच सुटली तरी वंश वाढू शकतो. त्याआधी फ्लोरिडात, आफ्रिकेतून आणलेल्या कासवांवरच्या गोचिडांत गुरांना मारणाऱ्या हार्टवॉटरचा जंतू आढळला होता. अमेरिकेने २००० मध्ये तीन जातींच्या कासवांची आयातच थांबवली.

आपल्याकडे आढळणारे जीवही दूरदेशी पोहोचतात. कोइंबतूरच्या नमुन्यांवरून १९२४ मध्ये वर्णन झालेला लाल ताडकोळी २००४ मध्ये कॅरिबियन बेटांवर आढळला आणि तिथल्या नारळी-केळींवर पसरला. त्याला ओळखताना आधार होता तो त्या जुन्या वर्णनाचा. या ग्रंथाची सुरुवात म्हणूनच नमुना अल्कोहोलमध्ये कसा ठेवावा, काचपट्टीवर कसा बसवावा आणि चिठ्ठीवर काय लिहावे, इथून केली आहे. ती प्रकरणे सावकाश वाचावीत; पुढच्या ओळखतालिका त्यांच्याच भरवशावर रचल्या आहेत.