कालव्याचे पाणी आणि हातातला फोन

बारामती-इंदापूर भागाचा इतिहास नीरा डाव्या कालव्याशिवाय लिहिता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा कालवा आला आणि अवर्षणाच्या या टापूत ऊस उभा राहिला. परंतु जिथे पाण्याला धरबंध उरला नाही, तिथे जमिनी पाणथळ झाल्या, वर मीठ फुटले आणि चांगली काळी राने चोपण झाली. ‘अति तेथे माती’ ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरली. तरीही कालवा बुजवा, असे कोणी शहाण्याने म्हटले नाही. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाण्याला क्षेत्र व पाळी ठरली.

पालक बंधू-भगिनींनो, आज घराघरांत शिरलेल्या मोबाईल फोनकडेही याच नजरेने पाहावयास हवे.

आपल्या देशात १८५५ साली तारसेवा जनतेला खुली झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस मोजका लिही. १८८२ साली मुंबईत टेलिफोन आला. पुढे ट्रंक कॉलचा जमाना आला. कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी आणि तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने बोलावे. १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान एस.टी.डी. सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकापासून पिवळ्या पाट्यांचे बूथ गावोगावी दिसू लागले. आखातात कामाला गेलेल्या मुलाशी बोलताना आईची नजर समोरच्या मीटरवर असे. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे मोजावे लागत. ते २००३ साली थांबले.

या साऱ्या साधनांना मर्यादा होती, आणि ती आपण घातलेली नव्हती. दराने, अंतराने, मीटरने घातलेली होती. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि तो बांध फुटला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांच्या हाती फोन द्या, असे आम्हा शिक्षकांनीच पालकांना सांगितले. ते त्या वेळी योग्यच होते. परंतु शाळा उघडल्या तरी फोन खाली ठेवला गेला नाही. हा दोष एकट्या मुलांचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून यावर उपाय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. मोबाईल आणि दूरदर्शन संच बंद होतात, मुले पुस्तके घेऊन बसतात. साडेआठला दुसरा भोंगा होतो. फोन फोडला नाही, फक्त त्याला पाळी लावली! आणि महत्त्वाचे म्हणजे ही पाळी मोठ्यांनाही लागू आहे.

याच विचाराने काहीजण पुन्हा बटणांच्या साध्या फोनकडे वळत आहेत. प्रस्तुत लेखकानेही काही महिन्यांपासून शाळेबाहेर असाच फोन जवळ ठेवला आहे. बोलणे होते, संदेश येतो, बँकेचा ओटीपीही येतो. अडचणीही आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, शाळेचा निरोप यांसाठी स्मार्टफोन लागतोच. तो आमच्या घरी बैठकीच्या खोलीत असतो, कोणाच्याही उशाखाली नाही. पहिले आठ दिवस हात सारखा खिशाकडे जाई, हे कबूल केले पाहिजे. आपण फोन वापरतो की फोन आपल्याला वापरतो, याचे उत्तर मला त्या आठ दिवसांत मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, ज्ञानाचा हा कालवा तुमच्या दारात आला आहे, हे तुमचे भाग्य समजा. परंतु पाळी ठरवा. आणि पालकहो, रात्री जेवताना आपला फोन प्रथम आपण बाजूला ठेवू या. मुले आपले सांगणे ऐकण्यापूर्वी आपले वागणे पाहतात.