डोक्यावरचा घाव आणि घरचीं माणसें



इतिहास म्हटला म्हणजे आम्हां बीडकरांस राक्षसभुवनची लढाई आठवते. १७६३ सालच्या ऑगस्टांत गोदातीरीं थोरल्या माधवरावांनीं निजामाचा पराभव केला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला, हें मीं वर्गांत कैक वर्षें शिकविलें. डोक्यावर वार झेलून जे जिवंत घरीं परतले त्यांचें पुढें काय झालें, हें मात्र कधीं शिकविलें नाहीं. क्रमिक पुस्तकांत तें नव्हतेंच.

आज अशाच एका घावाची हकीकत सांगणार आहें. ती रणांगणावरची नसून क्रिकेटच्या मैदानावरची आहे.

१७ मार्च १९६२. बार्बाडोस बेटावर ब्रिजटाउन येथें सामना चालू असतां चार्ली ग्रिफिथ याचा वेगवान चेंडू भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या वर बसला. नाकाकानांतून रक्त वाहूं लागलें. फलंदाजानें शिरस्त्राण घालण्याची चाल त्या काळीं नव्हती. (आमच्या गांवीं तें दुचाकीच्या दांडीस अडकवून फिरण्याची चाल आजही आहे.) मेंदूवरील दाब उतरविण्यासाठीं तातडीनें शस्त्रक्रिया झाली. रुग्ण सहा दिवस शुद्धीवर नव्हता. घर हजारों मैल दूर. तेव्हां सोबतीच घरचे झाले. पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनीं रक्त दिलें. आणि वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनींही दिलें!

मायदेशीं परतल्यावर वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत डॉ. जेकब चांडी यांनीं कवटींतील खळगी धातूच्या पत्र्यानें झांकली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आपल्या देशांतील पहिला विभाग याच गृहस्थांनीं तेथें १९४९ सालीं काढला होता. १९६३ सालीं कॉन्ट्रॅक्टर पुन्हां प्रथम श्रेणीचे सामने खेळूं लागले. ३१ कसोट्या खेळलेल्या ह्या खेळाडूस बत्तिसावी कसोटी मात्र लाभली नाहीं.

लोकांस शस्त्रक्रिया दिसते, पुढें काढलेल्या धावाही दिसतात. ह्या दोहोंमधले महिने कोणास दिसत नाहींत. मोडलेलें हाड जुळून येतें. मेंदूचें तसें नव्हे. त्याचा नष्ट झालेला भाग पुन्हां उगवत नाहीं. राहिलेल्या भागास त्याचें काम पुनःपुन्हां गिरवून शिकावें लागतें. मनुष्य लवकर थकतो, शब्द विसरतो, क्षुल्लक कारणानें संतापतो.

हें मला उशिरा कळलें. माझे धाकटे बंधु मोटारसायकलवरून पडले. टांके सुकले, ते घरीं आले, आणि आम्हीं पेढे वांटले. आठवड्याभरांत त्यांनीं पत्नीवर पैसे चोरल्याचा आळ घेतला. मीं मास्तरी थाटांत चारचौघांत त्यांची कानउघाडणी केली, पाहुण्यांदेखत जुनीं नांवें विचारून परीक्षाही घेतली. ते मुलासारखे रडूं लागले. तेव्हां भावजय, जी आजवर माझ्यासमोर कधीं मोठ्यानें बोलली नव्हती, म्हणाली, "भाऊजी, हा हट्ट नाहीं, दुखणें आहे. तुम्ही परीक्षा घेऊं नका."

डॉक्टरांनीं तिला सांगितलें होतें तें ती निमूटपणें करीत होती. एका वेळीं एकच गोष्ट सांगावयाची. उत्तराची वाट पाहावयाची. जेवणाची व झोपेची वेळ मोडूं द्यावयाची नाहीं. घरांत एकाच वेळीं चारजण बोलावयाचे नाहींत. भिंतीवर पाटी टांगून ती रोज वार, तारीख व करावयाचीं दोन कामें लिही. दुपारीं ते निजले म्हणजे ती स्वतः घटकाभर पडे. त्या वेळीं त्यांच्याजवळ बसण्याचें काम मीं पत्करलें. माझ्याकडून तेवढेंच झालें.

बंधूंनीं दुकान पुन्हां उघडलें नाहीं. दीड वर्षानंतर पाटीवरची तारीख ते स्वतः लिहूं लागले.

वेलोरचा तो पत्रा साठ वर्षें टिकला. २०२२ सालीं मुंबईंत तो काढण्यांत आला, तेव्हां कॉन्ट्रॅक्टर ८८ वर्षांचे होते.