कुलूप कोणाच्या भीतीने लागते?

25 मार्च 1911, शनिवार. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात सुट्टी व्हायच्या सुमारास आग लागली. 146 कामगार मेले, त्यात बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते. कामगार कापड चोरतात अशी मालकांना शंका, म्हणून सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने जायचे आणि पिशवी उघडून दाखवायची. खटल्यात मालक निर्दोष सुटले. त्यांतल्याच एकाला 1913 मध्ये पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल दंड झाला. दंड किती, तर 20 डॉलर!

त्याच 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. तिथूनच 1910 मध्ये एम.ए. झालेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी त्या मुलींना खिडक्यांतून उड्या मारताना पाहिले होते. त्या 1933 ते 1945 अमेरिकेच्या कामगारमंत्री होत्या, आणि बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री. एकाच विद्यापीठातून निघालेले हे दोघे काही वर्षे एकाच वेळी आपापल्या देशातल्या कामगारांचे खाते सांभाळत होते.

1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले, ते बाबासाहेबांच्या खात्याचे काम. 1948 चा कारखाना कायदा मात्र जगजीवनराम कामगारमंत्री असताना झाला. आपल्यातले काहीजण तोही बाबासाहेबांच्या नावावर टाकतात. त्याची गरज नाही. त्या कायद्याच्या मूळ कलम 38 मध्ये स्पष्ट होते: आत माणूस असेपर्यंत बाहेर पडायचे दार आतून चटकन उघडता येणार नाही असे बंद करायचे नाही आणि सरकते नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. गर्दी रेटते तेव्हा आत उघडणारे दार माणसांच्याच वजनाने बंद होते, म्हणून ही अट.

आता आपल्या पट्ट्याकडे या. 30 ऑगस्ट 2023 ला चिखलीच्या पूर्णानगरात दुकानातच झोपलेले चौघांचे कुटुंब आगीत गेले. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणारे शेड पेटले. 6 स्त्रिया जागीच गेल्या, पुढे उपचारादरम्यान आकडा वाढत राहिला. त्या शेडला अग्निशमन विभागाची परवानगी नव्हती. त्याआधी 7 जून 2021 ला मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आगीत जे कामगार मेले, त्यात 15 स्त्रिया होत्या.

मरणारे कोण, हे या यादीत दिसते. 1948 च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत 10 कामगार असले की तो कारखाना ठरे. 2020 च्या संहितेने तो आकडा 20 केला. म्हणजे 15 बायका बसवलेले शेड कारखान्याच्या व्याख्येतूनच बाहेर. कामगार चोर आहे, हा संशय मात्र व्याख्येच्या आत-बाहेर सगळीकडे सारखाच. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगला, त्यांना हा संशय नवा नाही.

पण आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. भोसरीत एका जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही हॉल घेतला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मधली वाट भरून टाकली. मागच्या दाराला कुलूप होते, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. फुकटे आत शिरून जेवतील म्हणून कुलूप आम्हीच लावायला सांगितले होते. दिल्लीच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 ला 59 माणसे गेली, तिथेही बाल्कनीतली बाहेर पडायची वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती. आम्ही हे वाचलेले होते.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. त्याला फॉर्म बी म्हणतात. यंदा हॉलचे पैसे भरण्याआधी आम्ही तो मागितला. मॅनेजर म्हणाला, आजवर कोणी मागितला नाही. आम्ही पावती फाडली नाही, दुसरा हॉल बघतो आहोत.