वावळ्याची चकती

चैत्राच्या अखेरीस सकाळीं फिरावयास निघालेल्या मनुष्याच्या पायाशीं पुष्कळदां वाळक्या, कागदासारख्या गोल चकत्या उडत येतात. रुपयाएवढा घेर, मधोमध चपटी बी, सभोंवार जाळीदार शिरांचा पातळ पंख आणि शेंड्याला लहानशी खांच. हें वावळ्याचें फळ. परंतु नुसत्या पंखावरून ओळख पटवूं गेल्यास फसगत कशी होते, हें वनस्पतिशास्त्राच्या इतिहासांतच नमूद आहे.

युरोपांतील एल्म वृक्षाचें फळहि याच घडणीचें. ग्रीक लोक त्या वृक्षास 'प्टेलिया' म्हणत. स्वीडनच्या लिनियसानें १७५३ च्या आपल्या ग्रंथांत हें नांव अमेरिकेंतील एका लहान झाडास दिलें. कारण त्याचेंहि फळ गोल व पंखी. दोहोंचे वर्ग त्यानें निराळे लावले खरे, पण नांव चिकटलें तें चिकटलेंच. वास्तविक तें झाड बेलाच्या कुळांतलें; पानहि बेलासारखें त्रिदळी! त्याच्या चकतींत बहुधा दोन बिया असतात, एल्मच्या चकतींत एक. पण एवढें फोडून कोण पाहतो?

वावळ्याची दखल घेतली ती कंपनीच्या नोकरींतील डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग यानें. मद्रास इलाख्यांत समलकोट येथें असतां त्यानें देशी चिताऱ्यांकडून वनस्पतींचीं हुबेहूब चित्रें काढविलीं. ते चितारी बहुतेक अनामच राहिले. कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा त्याचा ग्रंथ १७९५ पासून लंडनांत निघूं लागला. पहिल्याच खंडांत महारुखहि आहे आणि वावळाहि. महारुखाची अडचण नाहीं. त्याचा पंख लांबट, दोन्ही टोकांस निमुळता व पीळ पडलेला असतो. वावळ्यास मात्र रॉक्सबर्गनें एल्मच्या गणांत बसविलें. तरी एल्मच्या पानाची कड करवती आणि याची सरळ, हा फरक त्यानें डोळ्याआड केला नाहीं. 'इंटिग्रिफोलिया', म्हणजे अखंड पानाचा, असें विशेषण त्यानें जोडलें.

पुढें १८४८ सालीं प्लांशाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें वावळ्याचा स्वतंत्र गण केला. 'प्टेलिया' हा शब्द बेलाच्या त्या अमेरिकन भाऊबंदानें अगोदरच अडविलेला. तेव्हां 'सबंध' या अर्थाचा 'होलो' आरंभीं लागून 'होलोप्टेलिया' झालें. रॉक्सबर्गचें विशेषण कायम राहिलें. कूळहि एल्मचेंच राहिलें. येथें पंखाची साक्ष खरी ठरली.

चकत्या गळतात त्याच सुमारास वावळ्यास नवी पालवी फुटते. तिचें एखादें पान चुरडून हुंगावें. नाक मुरडावें लागलें तर झाड वावळ्याचेंच. वानरांना मात्र त्याच्या बिया फार प्रिय.